प्राध्यापकांना ऑनलाइन शिकवायला शिकवायचंय. सहा दिवस हातात आहेत, काय घेऊ?

चौथी_घंटा | सोमवार, रात्री ११:२०

मंडळी, गळ्यात धोंड पडली आहे. आमच्या कॉलेजात पुढच्या महिन्यात 'ऑनलाइन व मिश्र अध्यापन' या विषयावर सहा दिवसांची एफडीपी, म्हणजे प्राध्यापकांचं प्रशिक्षण, आहे. आयक्यूएसीच्या (कॉलेजच्या गुणवत्ता कक्षाच्या) बैठकीत मी खाली पडलेलं पेन उचलायला वाकले आणि वर येईपर्यंत समन्वयक म्हणून माझं नाव लिहून झालं होतं. जिल्ह्यातल्या कॉलेजांतून साठेक प्राध्यापक येतील, म्हणजे लिंकवर येतील. रोज दोन तास.

वेळापत्रकाचा कच्चा खर्डा मला तयारच मिळाला. पहिला दिवस उद्घाटन आणि गूगल क्लासरूम, दुसरा गूगल फॉर्म, तिसरा पीपीटी आणि स्क्रीन रेकॉर्डिंग, चौथा ओबीएस (रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर), पाचवा एआयची साधनं, सहावा समारोप. हा खर्डा माझ्या चांगल्याच ओळखीचा आहे. २०२०च्या मे ते जुलैमध्ये अशा एफडीपी आणि वेबिनारांची एकतीस ई-प्रमाणपत्रं मी गोळा केली. काल ते फोल्डर उघडून बसले. एकतिसांपैकी चार ठिकाणी वक्ता काय बोलला ते अंधूक आठवतं. एके ठिकाणी वक्त्याच्या घरी कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, ते मात्र लख्ख आठवतं.

म्हणून एवढंच विचारते. आजवर केलेल्या कुठल्याही प्रशिक्षणातलं असं काय होतं, की दुसऱ्या दिवशी तुमच्या तासात काहीतरी बदललं? 'स्तुत्य उपक्रम, शुभेच्छा' नको. मी अर्थशास्त्र शिकवते, कॉलेज अनुदानित, वर्ग बी.ए.चे, मुलं बहुतेक एसटीने येणारी.

जुनाटपंत | सोमवार, रात्री ११:५२

शुभेच्छा देत नाही. :)

१९८६च्या शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठांतून अकॅडमिक स्टाफ कॉलेजं निघाली, तेव्हाच्या सुरुवातीच्या तुकड्यांतला मी. चार आठवडे वसतिगृहात राहून ओरिएंटेशन. पुढे त्याच संस्थांचं एचआरडीसी झालं, २०२३मध्ये मालवीय मिशन झालं. पाट्या रंगवणाऱ्याचं बरं चाललंय.

दुपारची व्याख्यानं सगळी झोपेत गेली. पण एका दुपारी त्यांनी प्रत्येकाला पाच मिनिटं शिकवायला लावलं, ते व्हिडिओ कॅसेटवर घेतलं आणि संध्याकाळी आम्हालाच दाखवलं. पाच मिनिटांत मी अकरा वेळा 'बरं का' म्हणालो होतो आणि एकदाही फळ्याकडून मान वळवली नव्हती. त्याआधी सहा वर्षं मी स्वतःला उत्तम शिक्षक समजत होतो.

बाकी जे काही शिकलो ते रात्री. शेजारच्या खाटेवर नागपूरकडचे एक गणिताचे मास्तर होते. नापास होणाऱ्या मुलांना ते कसं हाताळतात हे त्यांनी मला तीन रात्री पुरवून सांगितलं. तुमच्या ऑनलाइन एफडीपीत शेजारची खाट नाही, हा मूळ घोटाळा आहे. ओबीएस-फोबीएस नंतर.

ओटीपी_आला_का | मंगळवार, सकाळी ७:०५

मी सीएचबी, म्हणजे तासिका तत्त्वावर. इतिहास. कॅस, म्हणजे पदोन्नतीची योजना, आम्हाला लागू नाही, म्हणून प्रमाणपत्राचा उपयोग मुलाखतीला फाईल जाड दिसावी इतकाच. तरी केल्या बऱ्याच, फोनवरच. अनुभव असा, की दोन तासांपैकी शेवटच्या पाच मिनिटांत हजेरीचा फॉर्म येतो आणि त्या पाच मिनिटांत चॅटमध्ये जी धांदल उडते तेवढी पूर्ण सत्रात नसते. 'सर फॉर्म ओपन होत नाही', 'मॅडम लिंक परत टाका'. मीही त्यातलाच, खोटं कशाला बोलू.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर मात्र प्रशिक्षणातलं नाही. २०२०च्या पावसाळ्यात गूगल मीटवर माझ्या तासाला बासष्टपैकी सात पोरं यायची. रेंज नाही, घरात फोन एक, आणि तोही बाप शेतात घेऊन जाणार. मग मी आठ-आठ मिनिटांची ऑडिओ करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायला लागलो. रात्री रेंज आली की फाईल उतरते, पोरं सकाळी गुरांमागे जाताना ऐकतात. शेवटी एकच प्रश्न, उत्तर बोलूनच पाठवायचं. रयतवारी शिकवली त्या दिवशी विचारलं: तुमच्या घरचा सातबारा कुणाच्या नावावर आहे, विचारून सांगा. एकोणचाळीस उत्तरं आली. एकीच्या उत्तरात मागे शेळ्या ओरडतायत आणि ती विचारतेय, 'सर, आजीचं नाव आहे, आईचं का नाही?' त्यावर पुढचे दोन तास झाले.

हे कुणी शिकवलं नाही, आणि पुढे कुणी विचारलंही नाही.

चौथी_घंटा | मंगळवार, सकाळी ९:४०

ओटीपी, तुमचा प्रतिसाद स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचून दाखवला. विचारत नव्हतं ना कुणी, आता मी विचारणार आहे. खरडवही (तुमच्या खात्यावरचे निरोप) बघा.

पंत, खाटेचं पटलं. पण झूमवर खाट कुठून आणू?

पवईकर | मंगळवार, दुपारी १:१५

खाट आणता येते, निदान बाक तरी.

मी इंजिनिअरिंगवाला, स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स शिकवतो. आयआयटी मुंबईच्या प्रा. दीपक फाटक यांच्या पुढाकाराने देशभरातल्या दहा हजार शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा जो मोठा प्रकल्प झाला, त्यातल्या एका कार्यशाळेला होतो. व्याख्यान पवईहून ए-व्ह्यू या सॉफ्टवेअरवर थेट यायचं, पण आम्ही घरी बसून बघत नव्हतो. जवळच्या एका कॉलेजच्या लॅबमध्ये जमायचो, तिथे स्थानिक समन्वयक असायचा आणि दुपारी त्याच लॅबमध्ये हाताने काम. प्रक्षेपण तुटलं की कपाळाला हात लावायचो आणि आपसात बोलायला लागायचो. ते बोलणंच कामाचं असायचं.

पुढे २०१७मध्ये आयआयटीबॉम्बेएक्स या त्यांच्याच ऑनलाइन मंचावरचे दोन एफडीपी कोर्स केले, १०१ आणि २०१. पहिला आयसीटीची ओळख, दुसरा खास ऑनलाइन आणि मिश्र अध्यापनाचा. त्यांचं लर्नर-सेंट्रिक मूक (मूक म्हणजे सर्वांना खुला ऑनलाइन कोर्स) नावाचं प्रारूप आहे. त्यातला व्हिडिओ म्हणजे व्याख्यान नाही, 'लर्निंग डायलॉग'. अर्ध्यात शिक्षक थांबतो आणि सांगतो: आता व्हिडिओ थांबवा, वहीत हे करा, मग पुढे या. त्याला ते रिफ्लेक्शन स्पॉट म्हणतात. ऐकायला किरकोळ वाटतं. पण विद्यार्थी म्हणून मी स्वतः तीनदा न थांबता पुढे गेलो, चौथ्यांदा गुपचूप वही काढली, आणि माझं उत्तर चुकलेलं निघालं. त्या दिवशी मला कळलं की माझ्या पंचेचाळीस मिनिटांच्या रेकॉर्डिंगमध्ये पोरांनी काय करावं हे मी एकदाही सांगितलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तासात बदललं ते हे: 'या बीमवर भार इथे ठेवला तर तो कसा वाकेल, रेघ काढा.' आणि मग मी गप्प. गप्प बसणं हे सर्वांत अवघड. ऑनलाइनमध्ये वीस सेकंदांची शांतता म्हणजे नेट गेलं असं वाटतं.

अवांतर: एफडीपीत कुणीतरी नक्की सांगेल की व्हिडिओ सहा मिनिटांचाच हवा, 'संशोधन सांगतं'. ते फिलिप गुओ आणि सहकाऱ्यांचं २०१४चं काम. एडएक्स या मंचावरच्या चार ऑनलाइन कोर्सांमधली ६९ लाख व्हिडिओ-सत्रं त्यांनी तपासली. सहा मिनिटांच्या पुढे लोक टिकत नाहीत, असं त्यात निघालं. म्हणजे ते बघण्याचं मोजमाप आहे, शिकण्याचं नाही. पंचेचाळीस मिनिटांचं तेच व्याख्यान सात तुकड्यांत कापलं की हाती सात कंटाळवाणे तुकडे येतात.

रोखठोक | मंगळवार, दुपारी ३:३०

सगळं थोतांड आहे. दोन वर्षं ऑनलाइन शिकवून एक पिढी बसवली, अजून हौस फिटली नाही? आधी पोरांना वर्गात आणा. बाकी चालू द्या.

पवईकर | मंगळवार, दुपारी ४:०२

रोखठोक, त्या दोन वर्षांना ऑनलाइन शिक्षण म्हणू नका, एवढंच मागणं. २७ मार्च २०२० रोजीच, म्हणजे आपण झूम उतरवून घेत होतो तेव्हाच, चार्ल्स हॉजेस आणि इतरांनी लेख लिहून बजावलं होतं की हे 'आणीबाणीतलं दूरस्थ अध्यापन' आहे, नीट आखलेला ऑनलाइन कोर्स वेगळा आणि त्याला महिने लागतात. पुरात शाळेत राहिलो म्हणजे ते घर झालं असं नाही.

रोखठोक | मंगळवार, दुपारी ४:२०

उपमा बरी आहे. मुद्दा मान्य नाही.

कॅस_चातक | मंगळवार, रात्री ९:१०

प्रमाणपत्रवाल्यांना सगळेच झोडपतायत म्हणून लिहितो. लोक गुणांसाठी येतात, त्यात लाज कसली? पगार त्यावर अवलंबून आहे. २०१८च्या शेवटी 'स्वयं' या सरकारी ऑनलाइन मंचावर शिक्षकांसाठी 'अर्पित' सुरू झालं तेव्हा मीही नाव घातलं. चाळीस तासांचा कोर्स, शेवटी केंद्रावर जाऊन परीक्षा, पास झालात तर एका रिफ्रेशर (उजळणी) कोर्सच्या बरोबरीचं. व्हिडिओ रात्री लावून झोपी जायचो. पण परीक्षेच्या भीतीने शेवटच्या पंधरा दिवसांत खरोखर अभ्यास केला आणि वीस वर्षांनी माझ्या विषयात नवं वाचलं. परीक्षा होती म्हणूनच ना?

मला राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. २०१८च्या यूजीसी नियमांतला संशोधन-गुणांचा तक्ता काढून बघा. चार क्रेडिटचा पूर्ण मूक चारही चतुर्थांशांत तयार केला तर २० गुण, एका मॉड्यूलला ५, कोर्स समन्वयकाला ८. स्वयंचे चार चतुर्थांश कोणते? व्हिडिओ, वाचनसाहित्य, स्वयंमूल्यमापन आणि चर्चामंच. म्हणजे चर्चा हा चौथा पाय नियमातच आहे. पण त्या चर्चामंचावर रोज रात्री तासभर बसून पोरांच्या शंका सोडवणाऱ्याला तक्त्यात वेगळी ओळ नाही. बनवणाऱ्याला गुण, शिकवणाऱ्याला शून्य. मग लोक व्हिडिओच बनवणार. प्रशिक्षणही व्हिडिओ बनवण्याचंच मागणार.

जुनाटपंत | मंगळवार, रात्री ९:३५

चातक, +१. शेवटच्या परिच्छेदासाठी तुम्हाला माझ्याकडून ५ गुण, एका मॉड्यूलचे.

तिकडची | मंगळवार, रात्री ११:५५ (इकडे संध्याकाळ)

मी मूळची साताऱ्याची, सध्या इंग्लंडात ओपन युनिव्हर्सिटीत असोसिएट लेक्चरर आहे, म्हणजे विद्यार्थ्यांचा ट्यूटर. साहित्य विद्यापीठ तयार करतं. आमचं मुख्य काम लाइव्ह शिकवण्याचं नाही, विद्यार्थ्याने पाठवलेल्या असाइनमेंटवर लिहिण्याचं आहे. १९६९ला सनद मिळाली. सुरुवातीपासून असाइनमेंटचा डोलारा टपालावर, आता पडद्यावर, पण गाभा तोच: लिहून शिकवणं.

आणि आमच्या तपासण्यावर नजर असते. मी तपासलेल्यांपैकी काही असाइनमेंट दुसरा अनुभवी ट्यूटर वाचतो आणि मला अहवाल पाठवतो. गुण बरोबर दिले का हे तो बघतोच, पण जास्त बघतो ते माझं लिहिणं. माझ्या पहिल्या अहवालाने मी चांगलीच रुसले होते. मी समासात प्रत्येक चूक लाल करून ठेवली होती, 'गुड', 'एक्सप्लेन मोअर' असं ठिकठिकाणी. त्याने विचारलं होतं, या सगळ्यातून विद्यार्थ्याने पुढच्या असाइनमेंटमध्ये नेमकं काय वेगळं करायचं? तेव्हापासून मी शेवटी दोनच गोष्टी लिहिते, पुढच्या वेळी करण्याजोग्या.

इकडे बऱ्याच विद्यापीठांत नव्या प्राध्यापकांना पीजीसर्ट (अध्यापनाचा पदव्युत्तर सर्टिफिकेट कोर्स) करावं लागतं, अ‍ॅडव्हान्स एचई या संस्थेची अध्यापनासाठीची फेलोशिप असते, सिद्धान्त बराच वाचला. गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर यांनी २०००मध्ये तीन 'उपस्थिती' मांडल्या: विचारांची, माणसांची आणि शिकवण्याची. वाचायला छान आहे, जरूर घ्या. पण मला बदललं ते त्या रुसव्याने. कुणीतरी तुमचं काम मन लावून वाचलंय, हा अनुभव शिक्षकाला फार क्वचित येतो.

गंगापूररोड | बुधवार, सकाळी ६:३०

मिसेसने धागा दाखवला म्हणून खास खातं उघडलं. टंकायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९मध्ये नाशिकला सुरू झालं. पहिले कुलगुरू राम ताकवले सर. मी त्यानंतरच्या काही वर्षांत एका अभ्यासकेंद्रावर समंत्रक, म्हणजे मार्गदर्शक शिक्षक, होतो आणि पुढे दोन पुस्तकांचे घटक लिहिले. तेव्हा इंटरनेट नव्हतं, पण तुम्ही जे बोलताय ते सगळं होतं. घटक लिहिण्याआधी आम्हाला बसवून शिकवलं. उद्दिष्टं आधी लिहा, मग मजकूर, मध्ये मध्ये 'स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न', शेवटी त्याची उत्तरं. वर त्या पवईच्या सरांनी सांगितलेली थांबण्याची जागा म्हणजे आमचा तो चौकोनी प्रश्नच की.

माझा पहिला घटक संपादकांनी तीनदा परत पाठवला. चौथ्यांदा त्यांनी मला समोर बसवलं आणि म्हणाले, तुम्ही वर्गाला उद्देशून लिहिता. 'आपण सर्व जाणतोच की' असं लिहिता. पुस्तक वाचणारा एकटा असतो, रात्री कामावरून येऊन वाचतो, तो 'सर्व' नसतो. मी सगळीकडचं 'आपण सर्व' खोडलं आणि 'तुम्ही' लिहिलं. मग लक्षात आलं, नुसता शब्द बदलून भागत नाही, वाक्यंच बदलावी लागतात.

संपर्क सत्राला रविवारी यायचे ते एसटी कंडक्टर, अंगणवाडी ताई, एक पोलिस पाटील. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद आम्ही चेष्टेने म्हणायचो, पण त्या कंडक्टरांनी बी.ए. पूर्ण केलं तेव्हा चेष्टा बंद केली.

चौथी_घंटा | बुधवार, रात्री १०:४५

काका, दंडवत. धागा वाखु (वाचनखूण) म्हणून साठवला आहे.

तर आज प्राचार्यांच्या केबिनमध्ये खर्डा बदलून नेला. तो असा. सहभागी घरून जोडले जाणार नाहीत, तालुक्याच्या ठिकाणी सहा कॉलेजांच्या लॅबमध्ये दहा-दहा जण एकत्र बसतील (पवईकरांचा बाक). पहिल्या दिवशी काहीच न सांगता सगळ्यांना मूडल या ऑनलाइन वर्गाच्या प्रणालीवरच्या एका लहान कोर्सात विद्यार्थी म्हणून टाकायचं. विषय त्यांच्या कामाचा नाही, मुद्दाम परका: मोडी लिपीची पहिली ओळख. कुठे अडलात ते लिहून ठेवा, मदत नाही. मग प्रत्येकाने स्वतःच्या विषयाचा दहा मिनिटांचा पाठ करायचा, व्हिडिओ, ऑडिओ किंवा नुसता लिहिलेला, काहीही चालेल, फक्त त्यात एक थांबण्याची जागा हवी. पाचव्या दिवशी दुसऱ्या लॅबमधल्या माणसाने त्यावर दोन गोष्टी लिहायच्या, पुढच्या वेळी करण्याजोग्या. साधनांची ओळख लॅबमध्येच ज्याला येतं त्याने शेजाऱ्याला द्यायची. एआयचा दिवस काढून टाकला.

प्राचार्य नीट ऐकून घेत होते. मग विचारलं, 'उद्घाटन कुठे आहे?' मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, 'नॅकच्या मूल्यांकनाला फोटो काय दाखवायचे, मोडी?' शेवटी दहा मिनिटांचं उद्घाटन आणि रोज एक जिओटॅग फोटो यावर तडजोड झाली. एका गोष्टीचं समाधान आहे. आजवरच्या ऑनलाइन एफडीपीत 'स्क्रीनशॉट घ्यायचाय, सगळ्यांनी दोन मिनिटं कॅमेरे चालू करा' ही एकच वेळ असायची जेव्हा मला सहकाऱ्यांचे चेहरे दिसायचे. या वेळी दहा तरी समोर असतील.

रोखठोक | बुधवार, रात्री ११:१०

एआय काढलं? उद्या पोरं सगळी उत्तरं चॅटजीपीटीतून चिकटवतील तेव्हा कळेल.

ओटीपी_आला_का | बुधवार, रात्री ११:१४

घरचा सातबारा कुणाच्या नावावर आहे ते त्याला माहीत नाही, सर.

रोखठोक | बुधवार, रात्री ११:३०

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

चौथी_घंटा | (पाच आठवड्यांनंतर) गुरुवार, रात्री १०:०५

धागा वर काढते. आज तिसरा दिवस संपला.

पहिल्या दिवशी भौतिकशास्त्राचे एक सर, दोन वर्षांत निवृत्त होणारे, मोडीच्या कोर्समध्ये 'सबमिट'चं बटण शोधत सोळा मिनिटं बसले. नंतर म्हणाले, 'मी पोरांना सांगतो, साइटवर टाकलंय, बघून घ्या. बघून घ्या म्हणजे काय ते आज कळलं.' दोन लॅबमध्ये दुपारनंतर वीज गेली. एका लॅबमध्ये साधनं शिकवणारा शेजारीच नव्हता, सगळेच नवशिके, तिथे मला फोनवरून तास काढावा लागला. हे आधी सुचायला हवं होतं. पाच जणांनी जुनीच पीपीटी आवाज घालून पाठवली आहे, थांबण्याची जागा म्हणून शेवटी 'धन्यवाद'ची स्लाइड. चातक, तुमच्या माहितीसाठी: त्यातले तिघं कॅसवाले नाहीत.

उद्या चौथा दिवस, ओटीपींचं सत्र, 'आठ मिनिटांची ऑडिओ'. लेखाविभागाने विचारलंय की तासिका तत्त्वावरच्या माणसाला साधनव्यक्ती म्हणून मानधन कोणत्या शीर्षाखाली द्यायचं. दोन फेऱ्या मारल्या. व्हाउचर निघेल, पण पॅनकार्डची झेरॉक्स आणि बँक पासबुकाचं पहिलं पान लागतं. आज रात्रीच पाठवा.

ओटीपी_आला_का | गुरुवार, रात्री १०:४८

पाठवलं मॅडम. पासबुकावरचा फोटो जुना आहे, चालेल ना? आणि सत्र मी लॅबमधून नाही घेणार, वस्तीवरच्या टाकीजवळ रेंज येते तिथून घेतो. मागे शेळ्या ओरडल्या तर समजून घ्या.